साडेसात हजारांची रेघ

पगारपत्रकावर ‘पीटी’ म्हणून जी कपात दिसते त्या व्यवसाय कराचा विषय काढला की समोरून उत्तर ठरलेलं असतं: ‘अहो, दोनशे रुपयांनी काय होतंय?’ करसल्लागार हेच म्हणतात, मोठ्या कंपन्यांतले पगार काढणारे अधिकारी हेच म्हणतात, आणि महिना लाखभर मिळवणारी शहाणीसुरती माणसंही हेच म्हणतात. त्यांच्यापुरतं ते खरं आहे. पण जो माणूस हे बोलतो त्याला दोनशेची नोट किती मोठी वाटते, हा प्रश्नच नाही. ती ज्याच्या पगारातून जाते त्याला किती मोठी वाटते, हा प्रश्न आहे. आणि महाराष्ट्रात ती नेमकी कोणाच्या पगारातून जाते, हे बहुतेकांना ठाऊक नाही.

नियम असा आहे. पुरुषाला महिन्याला 7,500 रुपयांपर्यंत पगार असेल तर व्यवसाय कर नाही. 7,501 ते 10,000 असेल तर दरमहा 175. दहा हजारांच्या वर एक रुपया गेला की दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2,500. त्याच्यावर पायरीच नाही. महिन्याला 10,001 मिळवणाऱ्याला 2,500 आणि दहा लाख मिळवणाऱ्यालाही 2,500. स्त्रियांसाठी एप्रिल 2023 पासून 25,000 रुपयांपर्यंत पूर्ण माफी आहे. पुरुषांची साडेसात हजारांची रेघ 2014 साली आखली गेली आणि अजून तिथेच आहे.

आता ही रेघ राज्याच्या किमान वेतनाशेजारी ठेवून पाहा. किमान वेतनाचा मूळ दर आणि त्यावरचा विशेष भत्ता धरला तर शहरी महाराष्ट्रातल्या बहुतेक अनुसूचित उद्योगांत अकुशल कामगाराचा महिन्याचा कायदेशीर पगार आज दहा हजारांच्या पुढे जातो. म्हणजे ज्याला सरकारच ‘याच्यापेक्षा कमी देणं गुन्हा आहे’ म्हणतं, तो पूर्णवेळ राबणारा माणूस कराच्या सर्वांत वरच्या टप्प्यात बसलेला आहे. मग साडेसात हजारांची सूट कोणासाठी उरली? अर्धवेळ काम करणाऱ्यासाठी, किंवा ज्याचा मालक किमान वेतनाचा कायदा मोडतो त्याच्यासाठी. गरिबाला वगळण्यासाठी आखलेल्या रेघेखाली कायद्याने पगार मिळणारा एकही पूर्णवेळ कामगार येत नसेल, तर ती सूट फक्त कागदावर आहे. सरकारचं एक खातं या माणसाला तळाचा मानतं आणि दुसरं खातं त्याच्याकडून लखपतीइतकाच कर घेतं. याचं समर्थन मी आजवर कुणाकडून ऐकलेलं नाही. ऐकतो ते फक्त ‘दोनशेने काय होतं’.

तर काय होतं ते सांगतो. पुण्यात किंवा ठाण्यात एखाद्या सोसायटीच्या फाटकावर एजन्सीमार्फत लावलेला वॉचमन घ्या. पगार 13,000 धरू. महिन्याचे 26 दिवस धरले तर रोज 500. वर्षाचा व्यवसाय कर 2,500, म्हणजे त्याच्या पाच दिवसांच्या ड्यूट्या. ज्या इमारतीला तो राखतो तिथे 1 लाख 30 हजार पगाराचा इंजिनिअर राहत असेल, तर त्याचा अर्धा दिवस. आणि वरच्या मजल्यावर महिना 13 लाखांचा कुणी उच्चाधिकारी असेल, तर आठ तासांच्या दिवसातली 24 मिनिटं. टक्क्यांत सांगायचं तर वॉचमनच्या उत्पन्नाचे 1.6 टक्के, इंजिनिअरच्या 0.16 आणि वरच्या साहेबांच्या 0.016. पगार दहापट झाला की कराचं ओझं दहाव्या हिश्शावर येतं. इतक्या उघडपणे उलटा चालणारा दुसरा प्रत्यक्ष कर या राज्यात मला दिसत नाही.

त्याच वॉचमनच्या पगारपत्रकावर आणखी एक ओळ असते, ईएसआयची. राज्य कामगार विम्यासाठी कामगाराकडून 0.75 टक्के घेतात, म्हणजे 13,000 वर 98 रुपये, आणि मालक वर 3.25 टक्के भरतो. या 98 रुपयांत त्याला आणि घरच्यांना दवाखाना आहे, ऑपरेशन आहे, आजारपणात ठरावीक दिवसांपर्यंत 70 टक्के पगाराची भरपाई आहे. त्याच्या नावाचा विमा क्रमांक आहे. पीएफची ओळ असेल तर तिला यूएएन आहे, खातं आहे, त्यातली शिल्लक मोबाइलवर बघता येते. आणि या दोन ओळींखाली पीटीचे 200, विम्याच्या दुपटीहून जास्त. त्यांना ना खातं, ना क्रमांक, ना पावती. नोंदणी मालकाची, भरणा मालकाचा. कामगाराच्या नावाने त्यात काहीच नसतं. एजन्सीने ते पैसे कापून खरोखर भरले का, हे त्याला तपासताही येत नाही. अशा कपातीला ‘किरकोळ’ म्हणणं मला पटत नाही, कारण किरकोळ ती फक्त कापणाऱ्याच्या हिशेबात असते.

आयकराची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत नोकरदाराला वर्षाला 12 लाख 75 हजारांपर्यंत आयकर लागत नाही. महिन्याला 1 लाख 6 हजार मिळवणारा माणूस केंद्राच्या दृष्टीने कर न लावण्याजोगा, आणि 13 हजार मिळवणारा राज्याच्या दृष्टीने पूर्ण कर भरण्याजोगा. दोन्ही सरकारं एकाच पगारपत्रकावर हात ठेवतात, आणि तळ कुठे आहे याबद्दल त्यांचं उत्तर दहापटीहून जास्त वेगळं आहे.

यावर दुसरा युक्तिवाद येतो तो सोपेपणाचा. सरसकट दोनशे असले की हिशेब सोपा, पायऱ्या वाढवल्या की मालकांना त्रास. हा युक्तिवाद हातानं मस्टर भरण्याच्या काळात कदाचित चालला असता. आज तोच मालक, त्याच संगणकावर, त्याच माणसाचा आयकर पायऱ्यापायऱ्यांनी काढतो, पीएफ 12 टक्क्यांनी काढतो, ईएसआय पाऊण टक्क्याने काढून वरच्या रुपयाला पूर्ण करतो. पश्चिम बंगालमध्ये व्यवसाय कर दहा हजारांवर सुरू होतो आणि 110, 130, 150, 200 अशा चार पायऱ्यांनी चढतो; चाळीस हजार ओलांडल्याशिवाय पूर्ण दोनशे लागत नाहीत. तिथल्या कारखान्यांचं पगाराचं काम त्यामुळे अडलेलं नाही. तेलंगणात सूट पंधरा हजारांपर्यंत आहे, कर्नाटकात पंचवीस हजारांखाली कर नाही, शेजारच्या गुजरातेत बारा हजारांपर्यंत नाही. गोव्यात हा करच नाही. देशाची आर्थिक राजधानी ज्या राज्यात आहे, ते राज्य या यादीत सर्वांत खालची रेघ धरून बसलेलं असावं, हे मला लाजिरवाणं वाटतं.

शिवाय आताची रचना सोपीही नाही, ती आंधळी आहे. टप्पा ओलांडला की कर वाढीव रकमेवर लागत नाही, एकदम पूर्ण लागतो. एखाद्या बाईचा पगार 24,900 आहे. वर्षाअखेर 150 रुपयांची वाढ मिळाली आणि पगार 25,050 झाला. त्याच महिन्यापासून 200 रुपये पीटी सुरू. म्हणजे वाढ मिळून हातात येणारे पैसे 50 रुपयांनी घटले, आणि फेब्रुवारीत 150 रुपयांनी. कष्टाने मिळालेल्या वाढीची अशी बोळवण होते आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, कारण रक्कम लहान आहे. रक्कम लहान असली तरी वाढ मिळालेल्या माणसाला घरी जाऊन ‘पगार कमी झाला’ सांगावं लागतं.

स्त्रियांच्या माफीवरून एक विचित्र तक्रार अलीकडे कानावर येते. पुरुषांवर अन्याय झाला, ही सवलत काढा, सगळ्यांना सारखं करा. या तक्रारीशी माझं अजिबात जमत नाही. 2023 च्या अर्थसंकल्पात स्त्रियांची सूट दहा हजारांवरून पंचवीस हजार केली, हा या करातला गेल्या कित्येक वर्षांतला एकमेव शहाणपणाचा बदल आहे. हाऊसकीपिंगवाल्या, अंगणवाडीपासून पॅकिंगच्या शेडपर्यंत राबणाऱ्या, दुकानांत आठ-दहा तास उभ्या राहणाऱ्या बायकांच्या हातात त्यामुळे वर्षाला 2,500 रुपये उरले. ज्या घरात नवरा 13 हजार आणि बायको 24 हजार मिळवते तिथे कमी मिळवणारा कर भरतो हे खरं आहे. पण त्याचा इलाज बायकोकडून घेणं हा नाही, नवऱ्यालाही त्याच रेघेवर आणणं हा आहे. आणि या बदलाने आणखी एक गोष्ट सिद्ध झाली: रेघ हलवता येते. तिजोरी कोसळेल, हिशेब बिघडतील, ही सगळी भीती तेव्हाही होती. सरकारने ठरवलं आणि झालं.

सर्वांत वजनदार वाटणारा युक्तिवाद राज्यघटनेचा आहे. तो असा: श्रीमंतांकडून जास्त घेता येत नाही, कारण घटनेच्या अनुच्छेद 276 ने एका माणसाकडून वर्षाला 2,500 रुपयांहून अधिक व्यवसाय कर घ्यायला बंदी केली आहे, म्हणून सगळ्यांकडून थोडं थोडं घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे. 1950 साली ही मर्यादा 250 रुपये होती, 1988 मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने ती 2,500 झाली, आणि तेव्हापासून तिला कुणी हात लावलेला नाही. चौदाव्या वित्त आयोगाने ती 12,000 करावी अशी शिफारस केली होती. तीही तशीच पडून राहिली. दुसरं वाक्य मात्र पहिल्यातून निघतच नाही. घटनेने वरची मर्यादा घातली आहे, खालची नाही. तेरा हजारवाल्याकडून 2,500 घ्या असं घटनेत कुठेही लिहिलेलं नाही. छताला हात लागतो म्हणून जमिनीवर बसलेल्याच्या खांद्यावर पाय देऊन उभं राहायचं, असा हा न्याय आहे. छत वर न्यायचं असेल तर त्यासाठी दिल्लीत भांडायला हवं, विधिमंडळात ठराव करायला हवा, महाराष्ट्राच्या खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून तो मांडायला हवा. ते कष्टाचं काम टाळायचं आणि त्याची भरपाई वॉचमनकडून करायची, याला घटनेचा आधार म्हणणं घटनेवर अन्याय आहे.

आणि याच मर्यादेखाली कंपन्याही येतात हे विसरू नये. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला वर्षाचा व्यवसाय कर 2,500 रुपये. नरीमन पॉइंटवर मुख्यालय असलेल्या, अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपनीलाही तेवढाच. तिच्या दारावर उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकालाही तेवढाच. नव्या मर्यादेसाठी भांडायचं तर पहिला मुद्दा हाच असायला हवा.

इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील, मग हा करच रद्द करा. उद्योगांच्या बाजूने ही मागणी नेहमी होते: रक्कम थोडी, कागदपत्रं फार, तेव्हा एकदाचं संपवा. या मंडळींशी माझं भांडण सर्वांत मोठं आहे, कारण ते कराच्या रेघेबरोबर कराचं कारणही पुसायला निघाले आहेत.

हा कर आला 1 एप्रिल 1975 ला, आणि तो आला रोजगार हमीसाठी. त्याआधी 1972 चा दुष्काळ होऊन गेला होता. खडी फोडायला, पाझर तलावांच्या बांधावर माती टाकायला गावंच्या गावं उतरली होती; मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन काढलेले ते दिवस आज सत्तरीतल्या माणसांना विचारा, डोळ्यांत पाणी येतं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात केलेल्या प्रयोगातून जी कल्पना वाढली होती, ती या दुष्काळाने राज्यापुढे अपरिहार्य करून ठेवली: मागेल त्याला काम, आणि ते उपकार म्हणून देऊ नये, हक्क म्हणून द्यावं. 1977 मध्ये कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. त्याचा पैसा कुठून आणायचा, याचं उत्तर होतं शहरातला पगारदार, व्यापारी, डॉक्टर, वकील. सिंचित शेतजमिनीपासून मोटारींपर्यंत आणखीही काही कर त्यासाठी लावले, पण मुख्य आधार व्यवसाय कर. जेवढं या करांतून जमेल तेवढीच भर राज्याने घालायची, असा रोजगार हमी निधीचा नियम केला. शहराने गावाचं देणं मान्य केलं, तेही कायद्याने. देशाला मनरेगा मिळाली ती 2005 साली, महाराष्ट्राने हे तीस वर्षं आधी करून दाखवलं होतं. 1990 मध्ये हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून कोकणात आंबा-काजूच्या आणि कोरडवाहू भागांत डाळिंब-बोरांच्या ज्या बागा उभ्या राहिल्या, त्यांतही या कराचा पैसा आहे. असा कर रद्द करा म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं की हे देणं आता फिटलं, असं त्यांना कोणत्या दुष्काळाने सांगितलं.

‘आता हमीचा खर्च केंद्र करतं, मग राज्याला हा कर कशाला’ हेही बोललं जायचं. मनरेगा आल्यावर 100 दिवसांपर्यंतच्या मजुरीचा भार केंद्राने उचलला आणि त्यापुढचे दिवस राज्याच्या कायद्याने राज्यावर राहिले, त्यामुळे तेव्हाही ते पूर्ण खरं नव्हतं. आता तर मुळीच खरं उरलेलं नाही. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. त्यात दिवस 125 केले आणि बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी 60-40 केली. चाळीस टक्के महाराष्ट्राने उभे करायचे आहेत. पाऊस हुकलेल्या वर्षी जालना, बीड, धाराशिवकडे कामाची मागणी वाढेल तेव्हा राज्याने ‘पैसे नाहीत’ म्हणायचं नसेल, तर याच कामासाठी जन्मलेला कर आज पूर्वीपेक्षा जास्त हवा आहे. तो टिकायचा असेल तर त्यातला उलटेपणा काढला पाहिजे, कारण ज्या कराची लाज वाटते त्याच्या बाजूने कोणी उभं राहत नाही, आणि रद्द करा म्हणणाऱ्यांना आयतं कारण मिळतं.

आता शेवटचा आक्षेप, जो सद्भावनेने घेतला जातो: समाजाचा भार सगळ्यांनी थोडाथोडा उचलावा, गरिबानेही, त्यातच त्याचा मान आहे. तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे. पण फाटकावरचा तो वॉचमन कोण आहे ते पाहा. तो बहुधा लातूर, नांदेड, परभणीकडचा आहे. गावात काम नाही म्हणून तो शहरात आला. ज्या हमीसाठी त्याच्या पगारातून दोनशे रुपये जातात, ती त्याच्या गावात वेळेवर, पुरेशी मिळाली असती तर त्याच्यासारखे कित्येक जण तिथेच राहिले असते. म्हणजे ज्याच्यासाठी हा निधी उभा राहिला, त्याच्याकडूनच आपण तो भरून घेतो आहोत. तेल-साबणापासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत तो वस्तू आणि सेवा कर भरतो आहेच. समाजाचा भार उचलण्यात तो कुठे कमी पडलेला नाही. 1975 साली हा कर शहरातल्या सुस्थितीतल्या माणसावर लावला होता. रेघ वर न नेल्यामुळे तो हळूहळू खाली घसरत घसरत स्थलांतरिताच्या खिशापर्यंत आला. असं करा असा निर्णय कोणत्याही मंत्र्याने घेतला नाही, सभागृहात त्यावर चर्चाही झाली नाही. महागाई वाढली, पगाराचे आकडे वाढले, आणि रेघ तिथेच राहिली, एवढ्यानेच हे घडलं. म्हणून मला ही बाब हिशेबाची वाटत नाही. कुणी न ठरवता गरिबावर बसलेला कर सर्वांत चिवट असतो, कारण तो काढण्याची जबाबदारी कुणाचीच नसते.

ती आता या सरकारची आहे, आणि विरोधकांचीही. येत्या अर्थसंकल्पात स्त्री-पुरुष सगळ्यांसाठी 25,000 रुपयांपर्यंत व्यवसाय कर माफ करावा. त्याच्यावर बंगालसारख्या पायऱ्या कराव्यात, म्हणजे दीडशे रुपयांच्या वाढीवर दोनशेचा कर लागणार नाही. महसूल काही प्रमाणात घटेल, हे मी लपवत नाही. ती घट भरून काढायला अनुच्छेद 276 ची मर्यादा वाढवण्याचा ठराव त्याच अधिवेशनात व्हावा आणि वाढीव वाटा लाखांत पगार घेणाऱ्यांकडून आणि मोठ्या कंपन्यांकडून यावा. माझ्याकडूनही यावा. तोपर्यंतची तूट राज्याने सर्वसाधारण महसुलातून रोजगार हमी निधीत घालावी, कारण जमेइतकीच भर घालण्याचं वचन त्यानेच कायद्यात दिलं आहे. आणि ही रेघ पुन्हा दहा-बारा वर्षं विसरली जाऊ नये म्हणून ती किमान वेतनाला बांधावी. कामगार आयुक्त दर जानेवारी आणि जुलैमध्ये महागाई निर्देशांक पाहून विशेष भत्ता नव्याने जाहीर करतातच. त्या आदेशात व्यवसाय कराच्या सुटीची नवी रक्कम लिहायला एक ओळ जास्त लागेल.